वडक्कन, मद्रासी, उपरा : वंशद्वेषाविषयी कसे बोलावे?

चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या बहुतेक उपनगरी गाड्या गुम्मिडिपूंडीला संपतात. त्यापुढे एळावूर, आरंबाक्कम, आणि मग आंध्र प्रदेशाची हद्द. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या ठिकाणी ‘सिपकॉट’ या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या, रोलिंग मिल, ओतशाळा, रसायनांचे कारखाने असा तिचा पसारा. भट्टीपुढे उभा राहणारा कामगार बहुतांशी बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश, बंगाल किंवा आसामातून आलेला असतो, आणि तो कंत्राटदारामार्फत आलेला असतो. याच गावी श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणी आहे. राज्यातील मोठ्या छावण्यांपैकी ती एक. आसपासच्या खेड्यांत तमिळप्रमाणेच तेलुगूही बोलली जाते. दलितांच्या वस्त्या गावापासून वेगळ्या आहेत आणि इरुळर आदिवासींची घरे त्याहूनही कडेला आहेत.

उत्तरेकडून आलेल्या कामगाराला येथे ‘वडक्कन’ म्हणतात. शब्दशः अर्थ इतकाच की, उत्तरेकडचा. दिशेच्या नावात अपमान तो कोणता, असे कोणी विचारील. मराठी वाचकाने असे विचारू नये. ‘मद्रासी’ या शब्दाचा अर्थही मद्रास शहराचा रहिवासी एवढाच होता. परंतु १९६६ नंतरच्या मुंबईत तो कोणत्या स्वरात उच्चारला जात असे आणि त्या स्वरामागून दगड कसे येत, हे परळ-लालबागच्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. तमिळमध्ये आणखी एक शब्द गेल्या काही वर्षांत पुन्हा वापरात आला आहे : ‘वंदेरी’, म्हणजे बाहेरून येऊन बसलेला. मराठीत त्याला ‘उपरा’ असा तयार प्रतिशब्द आहे. एका भाषेतील शिवी दुसऱ्या भाषेत इतक्या सहजतेने उतरावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

वंशद्वेषाचा विषय निघाला की पक्षाच्या शिबिरांतून बहुधा एकच उत्तर मिळते. वंशाचा प्रश्न अमेरिकेचा, दक्षिण आफ्रिकेचा; भारतात प्रश्न वर्गाचा आहे, आणि फार तर जातीचा. कामगार सारे एक, मग तो कुठला हे विचारायचेच कशाला? हे उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तथापि त्या उत्तराने प्रश्न सुटत नाही, तो केवळ टळतो. ज्याला रोज ‘वडक्कन’ म्हणून हाक मारली जाते त्या कामगाराला ‘सारे एक’ हे वाक्य ऐकवणे म्हणजे त्याच्या अनुभवाची नोंद घेण्यास नकार देणे होय.

वंश म्हणून काही असते काय, याचे उत्तर विज्ञानाने केव्हाच दिले आहे. दुसऱ्या महायुद्धातील नरसंहारानंतर १९५० साली युनेस्कोने शास्त्रज्ञांकरवी निवेदन प्रसिद्ध केले, त्यात वंश ही सामाजिक दंतकथा असल्याचे म्हटले होते. माणसाचा स्वभाव, बुद्धी वा लायकी वंशावरून ठरत नाही. परंतु देव नसला तरी देऊळ असतेच, पुजारी असतो आणि देवळाच्या जमिनीचे उत्पन्नही असते. वंश नसला तरी वंशद्वेष असतो, आणि त्याचेही उत्पन्न असते. माणसाच्या जन्मावरून त्याचे चारित्र्य गृहीत धरावयाचे आणि त्या चारित्र्यावरून त्याच्या श्रमाची किंमत ठरवावयाची, ही ती रीत आहे. कातडीचा रंग हे तिचे एक निमित्त. भाषा, प्रांत, जात, डोळ्यांची ठेवण, नेसण्याची पद्धत यांपैकी जे हाताशी येईल ते तिला चालते. ईशान्य भारतातील तरुण-तरुणींना दिल्लीत, पुण्यात, बंगळूरमध्ये ज्या नावांनी हाका मारल्या जातात, त्या ऐकणाऱ्याने वंशद्वेष हा अमेरिकेचा विषय आहे असे म्हणणे धाडसाचे आहे.

मराठीची अडचण अशी की, या गोष्टीला नेमका शब्द नाही. ‘रेस’साठी ‘वंश’ वापरावा तर तो कुळाकडे आणि घराण्याकडे ओढ घेतो. हिंदीत तर ‘वंशवाद’ म्हणजे राजकारणातील घराणेशाही. दक्षिण आफ्रिकेतील राजवटीसाठी मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे ‘वर्णद्वेषी’ हे विशेषण वापरले. ते रूढ झाले, आणि त्यातून एक गंमत घडली. ‘वर्ण’ हा शब्द या देशात दोन-अडीच हजार वर्षे ज्या व्यवस्थेचे नाव आहे, ती व्यवस्था त्या विशेषणातून नाहीशी झाली. वर्णद्वेष म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जोहान्सबर्ग उभे राहते. चातुर्वर्ण्य उभे राहत नाही. शब्द घरचा, अर्थ मात्र परदेशी पाठवलेला.

महात्मा फुले यांनी ही चूक केली नव्हती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा पुण्याचा शूद्रातिशूद्र आणि अमेरिकेचा काळा गुलाम त्यांनी एका ओळीत बसवले. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील काळ्या पँथरांवरून घेतले, ते याच परंपरेने. याउलट, जात ही वंशाची विभागणी नव्हे असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच ठामपणे मांडले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य एकाच वंशाचे. मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा अस्पृश्य हेही एकाच वंशाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. या दोन भूमिकांत वरवर विरोध दिसतो. परंतु आंबेडकर नाकारत होते ते रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नाकाची मापे घेऊन रचलेले शास्त्र; काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या दुःखातील साम्य त्यांनी कधीच नाकारले नाही. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, ते त्या साम्याची जाणीव ठेवूनच. वंश खोटा, वंशद्वेष खरा हे सूत्र पक्षसभासदांनी कोणा परदेशी विद्यापीठाकडून शिकण्याची गरज नाही.

तमिळमधील शब्द आहे ‘इनम’. मराठीतील वंश, राष्ट्रीयत्व, जमात आणि प्रकार या चारही अर्थांची कामे तो एकटा करतो. रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनऱ्याने १८५६ साली द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले. भाषाकुलाचे ते नाव पुढे लोकांचे नाव झाले आणि लोकांचे नाव रक्ताचे झाले. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्धच्या लढ्यात त्या नावाने फार मोठे काम केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु तमिळ इनम एक आहे, हे विधान गुम्मिडिपूंडी तालुक्यात तपासून पाहावे. तोक्कमूर या गावी दलित वस्तीची वाट अडवणारी भिंत सवर्णांनी बांधली होती. ती पाडण्यासाठी ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला, आणि पाडली ती सरकारी अधिकाऱ्यांनी पोलिसांच्या उपस्थितीत. भिंतीच्या अलीकडे तमिळ, पलीकडेही तमिळ. आत्तुप्पाक्कम पंचायतीच्या दलित महिला अध्यक्षांना १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रध्वज फडकवू दिला गेला नाही. गवगवा झाल्यानंतर काही दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी तो फडकवला. अडवणारे कोणी परप्रांतीय नव्हते.

आणि ही छावणी. छावणीतील माणसे तमिळ बोलतात, तमिळ लिहितात, तमिळ सण पाळतात. इनमच्या हिशेबाने ती घरचीच. तरी त्यांतील अनेकांचा जन्म भारतात होऊनही त्यांना भारताचे नागरिकत्व नाही. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ज्या तीन देशांची नावे आहेत, त्यांत श्रीलंका नाही. तामिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘निर्वासित छावणी’ हे नाव बदलून ‘श्रीलंकेतील तमिळांची पुनर्वसन छावणी’ असे केले आणि घरे व सोयी यांसाठी सुमारे ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. नाव बदलणे क्षुल्लक नव्हते. ‘अगदी’, म्हणजे निर्वासित, हा शब्द शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या बोलणीत माणसाचा पाठलाग करतो. परंतु नवे नाव नागरिकत्व देत नाही, आणि तमिळ रक्तही देत नाही.

या छावणीचा कम्युनिस्टांशी आणखी एक संबंध आहे, आणि तो फारसा उच्चारला जात नाही. १९४८ साली सिलोनच्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा करून चहामळ्यांवरील लक्षावधी तमिळ मजुरांना एका फटक्यात देशहीन केले, तेव्हा डाव्या पक्षांनी त्याला विरोध केला. मळ्यांवरील मते डाव्यांकडे वळत होती, हे त्या कायद्यामागचे एक उघड कारण होते. १९५६ साली ‘फक्त सिंहली’चा कायदा आला. लंका समसमाज पक्ष आणि कम्युनिस्ट पक्ष या दोघांनी त्यालाही विरोध केला. समसमाज पक्षाचे कॉल्विन आर. डिसिल्वा यांनी संसदेत बजावले की, एकाच भाषेचा आग्रह देशाचे दोन तुकडे करील. इतक्या स्पष्ट शब्दांत पुढचे दिसलेली माणसे थोडीच असतात.

पुढे काय झाले? सिंहली कामगार आणि सिंहली शेतकरी दूर जातो आहे, अशी भीती डाव्यांना वाटू लागली. तमिळांच्या बाजूने बोलणे म्हणजे बहुसंख्य श्रमिकांपासून तुटणे, असा हिशेब मांडला गेला. जानेवारी १९६६ मध्ये तमिळ भाषेच्या वापराच्या नियमांविरुद्ध कोलंबोत मोर्चा निघाला, त्यात डावे पक्ष सामील झाले. त्या काळी पंतप्रधान डडली सेनानायक यांच्या पोटात मसाला वडा आहे, अशी यमकबद्ध टवाळी रस्त्यावर ऐकू येत असे. मुंबईत लुंगीची टवाळी सुरू झाली तीही नेमक्या त्याच वर्षी. १९७० साली दोन्ही डावे पक्ष श्रीमती बंदरनायके यांच्या संयुक्त आघाडीच्या सरकारात बसले आणि १९७२ च्या राज्यघटनेत सिंहली भाषेचे स्थान पक्के झाले, बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले. ती घटना तयार करणारे मंत्री होते तेच कॉल्विन आर. डिसिल्वा. १९७७ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांना संसदेत एकही जागा मिळाली नाही. ज्या मतदाराला दुखवू नये म्हणून ते गप्प बसले होते, त्याने त्यांना ठेवले नाही. जुलै १९८३ मध्ये कोलंबो जळाले. गुम्मिडिपूंडीची छावणी त्या आगीपासून निघालेल्या वाटेवरचा मुक्काम आहे.

श्रीलंकेतील डाव्यांची टिंगल करण्यासाठी हे सांगितलेले नाही. त्यांच्यापुढे जो मोह होता तो मुंबईत होता, चेन्नईत होता आणि आजही आहे. १९२१ साली मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत मोठा संप झाला. सवर्ण कामगार संपावर, आदिद्रविड कामगारांतील बरेच कामावर. युनियनच्या कारभारात आदिद्रविडांचे स्थान काय होते, त्यांच्याशी बोलणी कोणी आणि कशी केली, हे विचारण्याऐवजी त्यांना ‘फितूर’ ठरवण्यात आले. पुळियंतोपमध्ये झोपड्या जाळल्या गेल्या, गोळीबार झाला, संप बुडाला आणि देशातील पहिल्या संघटित कामगार युनियनपैकी एक खिळखिळी झाली. मुंबईच्या गिरण्यांतही विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेले सूत सवर्ण विणकऱ्याला चालत नसे. विणकाम खात्याची मजुरी इतर खात्यांहून अधिक होती, हे लक्षात ठेवले म्हणजे सोवळ्याचा हिशेब पूर्ण होतो. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो त्या वेळी एकजुटीत व्यत्यय वाटला. व्यत्यय सुताच्या त्या टोकाशी आधीपासूनच होता.

कम्युनिस्ट चळवळीत या प्रश्नाचे धडे गिरवल्याचे एक उदाहरण अमेरिकेचे आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फिनलंडहून आलेल्या कामगारांचा क्लब होता. तेथील नृत्याच्या कार्यक्रमाला काही काळे कामगार आले असता त्यांना अपमानास्पद वागणूक मिळाली. क्लबचा रखवालदार ऑगस्ट योकिनेन हा पक्षसभासद होता. त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला की, यांना आत घेतले तर उद्या हे स्नानगृहातही येतील आणि यांच्याबरोबर स्नान करायची आपली इच्छा नाही. पक्षाने प्रकरण दडपले नाही. १ मार्च १९३१ रोजी हार्लेममध्ये दीड हजारांवर लोकांपुढे त्याच्यावर खटला चालवण्यात आला. ज्यूरीत सात गोरे आणि सात काळे कामगार होते. आरोप मांडणारे क्लॅरेन्स हॅथवे गोरे होते आणि आरोपीचा बचाव करणारे रिचर्ड बी. मूर काळे होते. योकिनेनने चूक कबूल केली. त्याला काढून टाकण्यात आले, पण परतीची वाटही सांगण्यात आली : स्वतःच्या क्लबात वंशद्वेषाविरुद्ध लढा, काळ्यांना प्रवेश नाकारणाऱ्या उपाहारगृहापुढे निदर्शने कर, काळ्या कामगारांचे वृत्तपत्र विकायला उभा राहा. दुसऱ्याच दिवशी सरकारने त्याला परदेशी नागरिक म्हणून पकडले आणि पुढे फिनलंडला हद्दपार केले. त्याच्या सुटकेसाठी पक्षानेच लढा दिला. शिक्षा करणारे आणि पाठीशी उभे राहणारे एकच होते, हे या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे.

त्याच पक्षाचा पुढचा अनुभव तितकाच शिकण्यासारखा आहे. १९४९ पासून तीन-चार वर्षे गोऱ्यांच्या अहंगंडाविरुद्ध मोहीम चालली आणि ती शब्दांच्या झडतीत जाऊन अडकली. बोलण्यात ‘काळा’ वा ‘पांढरा’ हे शब्द चुकीच्या जागी आले म्हणून जुन्या सभासदांवर आरोपपत्रे ठेवली गेली. बाहेर मॅकार्थीचा ससेमिरा, आत एकमेकांवर संशय. अखेर १९५३ साली विल्यम फोस्टर यांना पक्षाच्या मासिकात लेख लिहून ही डावी संकुचितता थांबवावी लागली. १९३१ साली योकिनेनला काम देण्यात आले होते. १९५० साली माणसांना फक्त दोष देण्यात आला. आजकाल शहरी सुशिक्षितांमध्ये योग्य शब्द वापरण्याचे जे शिष्टाचार रूढ होत आहेत, त्यांत चांगला भाग आहे, परंतु भट्टीवरच्या कामगाराला ते शिष्टाचार पाठ नाहीत म्हणून त्याला गुन्हेगार ठरवणारा कार्यकर्ता त्या कामगाराशी पुन्हा बोलू शकणार नाही.

मग गुम्मिडिपूंडीच्या स्थानिक कामगाराशी काय बोलावे? तो एक गोष्ट नेहमी म्हणतो, आणि ती खोटी आहे असे सांगून भागत नाही. तो म्हणतो, हे आले आणि मजुरी उतरली. मजुरी उतरली हे खरे असू शकते. ती कोणी उतरवली, हा प्रश्न आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, ओडिशातील ‘दादन’ मजुरांच्या लुटीनंतर १९७९ साली झालेला आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, हे दोन्ही कायदे असतानाही मालकाने कंत्राटदार आणला. दुसऱ्या कायद्याने परप्रांतीय कामगाराला स्थानिकाएवढेच वेतन आणि वर मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता देणे बंधनकारक केले होते. तो काटेकोर अमलात आला असता तर परप्रांतीय कामगार मालकाला स्थानिकापेक्षा महाग पडला असता! तो कोठेही महाग पडला नाही, यावरूनच अंमलबजावणीची कल्पना यावी. २०२० च्या श्रमसंहितेने विस्थापन भत्ता वगळून टाकला. हे स्थानिक कामगाराला तमिळमध्ये आकडे मांडून सांगता येते.

शिवीपेक्षा स्तुती ओळखणे कठीण जाते. ‘उत्तरेकडचे लोक मेहनती, उष्णता सोसतात, रजा मागत नाहीत, संपाचे नाव काढत नाहीत’, असे मालकवर्ग कौतुकाने बोलतो. ऊसमळ्यांच्या आणि चहामळ्यांच्या गोऱ्या मालकांनी दक्षिणेतून नेलेल्या तमिळ मजुरांविषयीही असेच म्हटले होते. संप न करणे हा बिहारी रक्ताचा गुण नाही. ज्याच्या हाती परतीच्या तिकिटाचे पैसे नाहीत, ज्याची खोली कंत्राटदाराची आहे आणि ज्याला फाटकावरच्या फलकावरील अक्षर वाचता येत नाही, त्याची ती परिस्थिती आहे. मुंबईत कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराविषयीही एके काळी मालकांना असाच विश्वास वाटत होता. १९२८ साली तो सहा महिने संपावर राहिला.

अफवांचाही विचार केला पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये चालत्या गाडीत हिंदी भाषक मजुरांना शिवीगाळ आणि मारहाण करणाऱ्या एका माणसाचे चित्रण पसरले. रेल्वे पोलिसांनी त्याला अटक केली. ती घटना खरी होती. त्यानंतर मार्चच्या आरंभी तामिळनाडूत बिहारी मजुरांची कत्तल चालू असल्याची चित्रणे उत्तरेत फिरू लागली, ती खोटी होती. भलत्याच ठिकाणची आणि भलत्याच प्रकरणांची. बिहार सरकारचे पथक चौकशीला आले, खोटेपणा उघड झाला, गुन्हे दाखल झाले. दरम्यान अनेक मजूर घाबरून गावी परतले. येथे वंशद्वेष दोन्ही टोकांना होता. ‘तमिळ माणूस हिंदीवाल्याला कापतो’ यावर पाटण्यात चटकन विश्वास बसला, कारण तमिळ माणसाविषयीही एक ठोकळेबाज चित्र तेथे तयार होते. खोटी चित्रणे पसरवणाऱ्यांनी ते चित्र निर्माण केले नाही, त्यांनी ते वापरले.

याहून कठीण प्रसंग खऱ्या गुन्ह्याचा. जुलै २०२५ मध्ये आरंबाक्कम परिसरात एका लहान मुलीवर अत्याचार झाला आणि पकडला गेलेला तरुण आसामचा निघाला. अशा वेळी परप्रांतीयांच्या बाजूने बोलणे सोपे नसते, आणि मुलीच्या कुटुंबाच्या संतापापुढे सिद्धान्त मांडणे अशोभनीय ठरते. परंतु २०१८ साली गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यात अशाच गुन्ह्यानंतर हजारो हिंदी भाषक मजुरांना पळून जावे लागले, हे विसरता येत नाही. गुन्हेगार स्थानिक असता तर त्याची जात वा गाव कोणी सामूहिक आरोपी केले नसते. न्यायाची मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या आवाजात कार्यकर्त्याने केली पाहिजे. ती केल्याशिवाय पुढचे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

मराठी सभासदांनी तमिळ कॉम्रेडना उपदेश करण्याचे कारण नाही. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हा कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून मराठी तरुणाला चेतवण्यात आले, उडुपी हॉटेलांवर हल्ले झाले. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील पक्षकचेरीवर हल्ला झाला आणि ५ जून १९७० रोजी आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. ‘मद्रासी’ला हाकलण्यासाठी निघालेल्या संघटनेने रक्त सांडले ते मराठी कम्युनिस्टाचे. २००८ साली पाळी उत्तर भारतीयांची होती. नाशिक-पुण्याच्या औद्योगिक भागांतून मजुरांचे लोंढे परत गेले. त्या काळात फाटकावरच्या किती सभांत हा विषय स्पष्ट शब्दांत निघाला आणि किती सभांत ‘महागाई’वर बोलून वेळ मारून नेण्यात आली, हे प्रत्येक जिल्हा समितीने आपल्या इतिवृत्तात पाहावे.

अनुवादाचे काम करणाऱ्यांना एक साधी कसोटी ठाऊक असते. परप्रांतीय कामगारांसाठी हिंदी, ओडिया आणि बंगालीत पत्रक काढणे आवश्यक आहेच. परंतु पुष्कळदा असे होते की, हिंदी पत्रकात ‘तुमच्यावर अन्याय होतो’ असे लिहिले जाते आणि स्थानिक भाषेतील पत्रकात ते वाक्य गळते. त्याच्या जागी ‘स्थानिकांना प्राधान्य’ येते. दोन्ही पत्रकांखाली सही एकाच युनियनची. गुम्मिडिपूंडीत काढलेल्या पत्रकाचा मजकूर तमिळ, तेलुगू, हिंदी आणि ओडिया या चारही भाषांत ओळीस ओळ तोच असावा, आणि तो छापण्यापूर्वी कार्यकारिणीच्या बैठकीत आधी तमिळमध्ये मोठ्याने वाचला जावा. ‘परप्रांतीय’ हे विशेषण त्यात किती वेळा आले आणि कशासाठी आले, हेही तेव्हाच मोजता येईल. वेतनाच्या मागणीत त्याची गरज नाही. रेशनकार्ड, भविष्यनिर्वाह निधीचे हस्तांतर आणि गावी जाण्याची रजा या मागण्यांत आहे. नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी निघणाऱ्या पत्रकांची मराठी आणि हिंदी प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास फार तर अर्धा तास लागेल.